एक वॅट

हॅलिफॅक्सला घरं उतारावर एकमेकांना टेकून उभी,
पंगतीत उशीर झालेल्या भावंडांसारखी.
माझी आणि मिसेस क्रॅबट्रींची भिंत एकच.
त्यांच्या बाजूला घड्याळ, माझ्या बाजूला
नवे, म्हणजे तिसऱ्या हाताचे, स्पीकर.
एकेक अठरा किलोचा. जिना चढवताना
निरंजन म्हणाला, बाबा, यात कोण झोपलंय?

ॲम्प्लिफायर जुनाच. पंधरा वॅटचा.
पहिल्या पगाराचा, कापडाने पुसलेला,
सहा घरं बदलली तरी मांडीवर बसून आलेला.

शनिवारी पोराचे मित्र जमले.
मी कळ नवावरून तीनावर नेली
आणि उजवीकडचा ट्वीटर
एक शब्द न बोलता गेला.
नुसता वास. इस्त्री विसरल्यासारखा.

ग्रीनवुडचं दुकान बंद पडलेल्या गिरणीच्या तळघरात.
मी तक्रार घोकत गेलो होतो:
यावर शंभर लिहिलंय, मी तर पंधराच दिले!
त्याने चहा ठेवला. माझा डबा यंत्राला जोडला.
हिरव्या पडद्यावर एक रेघ उठली,
गोल माथ्याच्या टेकड्या, एकीमागून एक.
मग त्याने कळ फिरवली
आणि टेकड्यांचे माथे कोणी विळीवर कापावे तसे सपाट.
'पाचगणी,' मी म्हणालो.
'काय?'
'काही नाही. आमच्या वाईच्या वर एक पठार आहे.'

'जोराने मरणारे थोडे,' तो म्हणाला,
'मी पाहिले ते बहुतेक अशक्तपणाने मेले.
ताकद संपली की हा गप्प बसत नाही,
तोंड चौकोनी करून ओरडतो.
त्या चौकोनाचे कोपरे
आधी घरातल्या नाजूकाला लागतात.'

उथळ पाण्याला खळखळाट फार,
मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून पाहिलं.
तो हसला. म्हणाला, माझा मेहुणा असाच.

मग जोडी जमवणं सुरू.
मागच्या पट्टीवर चार ओहम,
पण खर्जात उतरले की तीनच भरतात.
मला शांतूमावशी आठवली:
स्थळाची कागदावरची उंची वाचून
ती न बघताच दोन इंच वजा करायची.
आणि हे स्पीकर मुळात मंद, तो म्हणाला,
हाक मारली तर दुसऱ्यांदा ऐकणारे.
वॅट दुप्पट करा, कानाला चिमूटभर वाढ.
आवाज दुप्पट हवा? दहापट मोजा.

त्याने फळीवरून एकशेवीस वॅटचं धूड काढलं.
मी म्हणालो, अहो, खोली बारा बाय अकरा,
पलीकडे मिसेस क्रॅबट्री!
'तुम्ही वापराल एक,' तो म्हणाला. 'एक वॅट.
एखाद्या रात्री फार तर दोन.'
मग बाकीचे?
'ती एक थाप असते ना, मध्येच येणारी,
तिला दारातून जाताना
मान वाकवायला लागू नये, म्हणून.'

परतताना बसमध्ये डबा मांडीवर.
मार्चमध्ये जिन्यात मी निरंजनवर ओरडलो होतो,
एका हरवलेल्या किल्लीसाठी.
तेव्हा माझ्याकडे किती वॅट होते, कोण जाणे.
खिडकीबाहेर मूरलँड, गोल माथ्यांचं.

आता रात्री तानपुरा लावतो, बाकी काही नाही.
परवा मिसेस क्रॅबट्री कचऱ्याचा डबा ढकलताना भेटल्या.
त्यांचा फ्रिज गुणगुणतोय म्हणे.
माणूस बोलावला, त्याने उघडून पाहिला,
पंचेचाळीस पौंड घेतले, दोष सापडला नाही.
माझ्या जिभेवर आलंच होतं.
तेवढ्यात त्या म्हणाल्या,
राहू दे. दोन आठवडे झोप बरी लागतेय.

कळ आठावर.
एक वॅट भिंतीतून पलीकडे जातो, चपला काढून.
एकशे एकोणीस
अंधारात बसून असतात,
हात मांडीवर ठेवून.