वादी

सीपीआरच्या शवविच्छेदन हॉलात
इस्माईलमामांनी तो पांढरट नळा चिमटीत धरला
आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,
"बोट खाली ठेव. हां, हितं. आता गप ऱ्हा."
वर कवटीच्या बुडाशी त्यांनी हलकेच ओढलं.
खाली, पार खाली,
त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यापाशी
माझ्या बोटाखाली काहीतरी सरकलं.
तांदळाच्या दाण्याएवढं.

महारंध्राच्या काठाला पक्कं,
मानेच्या दोन-तीन मणक्यांना धरून,
मग पाठभर जवळजवळ मोकळं, थेट बुडापर्यंत.
दृढतानिका, असं मी वहीत लिहिलं.
आधी सुचलेला शब्द
लिहिला नाही.
शेजारी मुली होत्या.

सुभाषनगरात संध्याकाळी
अण्णा डोक्याला पंचा आवळून बसलेले,
समोर भिजवलेलं कातडं, बाभळीच्या सालीचा वास,
बामची रिकामी डबी.
बेचाळीस वर्षं ह्याच फरशीवर, ह्याच वाकात.
"डोस्कं लई धरलंय," म्हणाले,
"आणि कामाला तर हातच असत्यात.
ह्याला काय झालंय दुखायला?"

"पालथं पडा," मी म्हटलं,
आणि तळहात माकडहाडाच्या वर ठेवला.
"अगं ए डॉक्टरीण, डोस्कं वर हाय!"
आई चुलीपुढं खुदकन हसली.

मी सांगू लागले. कवटी, मणका, पडदा,
पुस्तकातलं मराठी, पुस्तकातलंच वाटणारं.
त्यांनी पडल्या पडल्या हात लांबवला,
अर्धी शिवलेली चप्पल ओढून घेतली,
अंगठ्याजवळची वादी ताणली.
टाचेचे टाके हलले.
"म्हंजे वादीच की,"
म्हणाले, आणि चप्पल बाजूला ठेवली,
माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग बोलणं नाही.
हाताखाली त्यांच्या बसण्याची हाडं,
चपटी, गरम, झिजल्यासारखी.
दुसरा हात मानेच्या खोबणीत.
दोन्ही हातांच्या मधे एक माणूस
हळूहळू लांब होत गेला.

डोकं थांबलं का, विचारायचं राहिलं.
मुठीतली आरी सोडवून घेतली
तेव्हा त्यांची हनुवटी किंचित वर झाली.

महाद्वारच्या दुकानदाराचे सात जोड बाकी होते.
कातडं वाळू नये म्हणून
मी त्यावर ओलं पोतं टाकलं.