पाण्याचा डबा

बापाच्या पन्नासच्या शेव्हरोलेचं
आधी नाक साफ केलं मी.
बोनेटवरचा क्रोमचा पक्षी, डिकीचं हँडल,
दारांवरच्या पट्ट्या, नावाची अक्षरं
सगळं उतरवलं,
आणि मागे राहिलेली भोकं
शिशाने बुजवत बसले दोन हिवाळे.
नेस्टर म्हणाला, दागिने काढलेस, आता नुसतं अंग दिसेल.
म्हटलं, दिसू दे.

छत कापलं नाही. काही जण कापतात,
मग खिडक्या उरतात टपालपेटीच्या फटीएवढ्या.
मी तिला दोन इंच खाली बसवली फक्त,
जेवायला पाटावर बसावं कुणी, इतकीच.

जुनं इंजिन साखळीला लटकून बाहेर आलं फेब्रुवारीत.
दाराबाहेर उणे एकतीस.
तेलाचा शेवटचा थेंब
पडू की नको करत लोंबला, मधासारखा.
त्याच्या जागी व्ही-एट,
योर्कटनच्या भंगारातल्या एका पिकअपचं.
पिकअप मागून चेपलेली, पार सीटपर्यंत.
इंजिनाला खरचटलंही नव्हतं.

माउंट वेल्ड केले. फायरवॉल थोडी आत ठोकली.
स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टला घासायचा,
त्यातच गेले तीन आठवडे.
आणि एवढं करून सुरूच होईना.
नेस्टरची नात स्टेफा मडगार्डवर लॅपटॉप ठेवून
बराच वेळ इंजिनाशी काहीतरी बोलली.
म्हणाली, याला वाटतंय आपण अजून पिकअपमध्येच आहोत,
आणि तुम्ही चोर.
तेवढं काढते त्याच्या डोक्यातून.

मे महिन्यात सोळा नंबरचा हायवे.
किल्ली फिरवली, लागलीच.
चोक नाही, पायाने आर्जवं नाहीत,
ताशी शंभर, एकशे दहा,
तापमानाची सुई मधोमध, शहाण्या मुलीसारखी.
स्प्रिंगसाइड. थिओडोर. इनसिंगर.
नीट पाहीपर्यंत आरशात.

बाप याच रस्त्याने फोम लेकला जायचा
आणि सरळ कधी पोचायचा नाही.
कुठे रेडिएटर उकळायचा, कुठे पट्टा तुटायचा,
कुठे पेट्रोलची नळीतच वाफ.
मग डबा घेऊन कुणाच्याही अंगणात शिरायचा तो.
त्याला ठाऊक असायचं
कुणाच्या विहिरीचं पाणी लोखंडी लागतं,
कुणाची गाय अडलीय,
कुणाचा मुलगा रेजायनाला गेला तो गेलाच.
साठ मैलांना अख्खा दिवस, आई करवादायची.
मी मागच्या सीटवर,
मांडीवर कुणीतरी दिलेली काकडी,
वर मातीसकट.

मला तेव्हा वाटायचं, गाडी वाईट आहे.

शेहोच्या अलीकडे डाव्या हाताला थोरलाक्सनांचं शेत.
निळी कोठी, तीच. दारातले पॉपलर वाढलेले.
पुढे गेले. दोन किलोमीटर पुढे गेले.
थांबायला काही निमित्तच नव्हतं.
ऐकत राहिले, एखादी खरखर, एखादं ठक्.
नुसतं गुळगुळीत गुरगुरणं,
पोट भरलेल्या मांजराचं.

वळवली. खडीवर उतरवली. बंद केली.
डिकीचं हँडल मीच काढलेलं,
डॅशबोर्डखाली हात घालून बटण चाचपलं,
बापाचा डबा घेतला.
भाजीच्या वाफ्यातून एक बाई उठल्या, हात मातीचे.
गाडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.
बिघडली?
नाही, म्हटलं. मग घाईने, हो, जरा.
उघडा बघू, म्हणाल्या.
उघडलं.
त्या वाकल्या. कोरडं, थंड डोक्याचं,
वाफ नाही की वास नाही.
बाईंनी रेडिएटरवर तळवा ठेवला,
ताप बघावा तसा,
आणि माझ्याकडे न बघता
डबा उचलून नळाकडे गेल्या.

काठोकाठ भरून दिला. झाकण कधीच हरवलेलं.
पुढची सगळी वाट तो शेजारच्या सीटखाली डुचमळत होता
आणि मी साठाच्या वर
गेले नाही.