बकरीसाठी

फ्लॉवरचा पाला कुणी विकत नाही.
नेहरूनगरच्या बाजारात लल्लन तो कोयत्याने उडवतो,
पांढरे गड्डे टोपलीत,
हिरवं सगळं पायाखाली.

रात्री नऊनंतर जायचं, ही आईची वेळ.
लल्लनचा बाप विचारायचा, बकरीसाठी का, बाई?
ती म्हणायची, हो, बकरीसाठी.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो.
आम्ही भावंडांनी बकरीचं नावही ठेवलं होतं, चंपी,
म्हणजे कुणी विचारलंच तर अडखळायला नको.

आज मी पिशवी पुढे केली आणि
त्याने विचारायच्या आत सांगून टाकलं,
आम्हालाच पाहिजे.
तो म्हणाला, मग हा घ्या, कोवळा आहे.

तीन पाण्यांत धुतला. तिसऱ्यातही वाळू.
जाड शीर सुरीने ओढून काढायची,
पानावर पान ठेवून विडीसारखी गुंडाळी,
बोटभर रुंद काप.
लसूण सालीसकट ठेचून. सुक्या मिरच्या चार.
आणि डब्याच्या तळाच्या चान्या,
वहिनीने गावाहून पाठवलेल्या,
चुलीवर टांगून दोरीसारख्या झालेल्या,
ज्यांचा वास आमच्या सोसायटीत
लिफ्टने खाली जातो आणि जिन्याने परत वर येतो.

खिडकी लावू का? गौतमीने विचारलं.
असू दे, म्हणालो.
मग स्वतःच उठून अर्धी लावली.

आच बारीक. घाई केली की पाला रुसतो,
दातांत चिंध्या येतात.
पाऊण तास तो नुसता हट्टी हिरवा.
दीड तासाने मान टाकतो,
जुन्या खाकी शर्टाचा रंग घेतो,
आणि पातेल्यात वर येतं ते पाणी.
शेवटी कोकमाची दोन सालं. बाकी काही नाही.

हे सूप आहे का? लेकीने विचारलं.
आमच्याकडे याला नाव नव्हतं.
आई आम्हाला पाला आणि चान्या वाढायची,
स्वतःला नुसतं पाणी, त्यात भाकरी कुस्करून.
मी चाळीस वर्षं हे दुःखाने सांगत आलोय.
आज वाटी तोंडाला लावली
आणि कळलं, सगळं इथेच उतरलेलं असतं,
मीठ, धूर, चरबी, पाल्याचा जीव.

म्हणजे तिने
स्वतःला मागे ठेवलं, की आम्हाला फसवलं?
दोन्ही असेल.
विचारायला ती नाही, आणि लल्लनचा बापही नाही.

लेकीला चंपीची गोष्ट सांगितली.
ती भाकरीने ताटली पुसत होती.
तोंड भरलेलं असतानाच म्हणाली,
मग चंपी काय खायची?