परका अंश

सोहार बंदरामागे, गोदाम क्रमांक नऊ.
मुराद बलुशींची पोती तीन दिवस अडकून.
वर अरबीत लिहिलंय : सना मक्की.
म्हणजे आपली सोनामुखी,
पोट साफ करण्यापलीकडे
जिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

मूठभर पानं पांढऱ्या ट्रेमध्ये पसरते.
आधी तळ बघायचा :
सोनामुखीचं पान तळाशी तिरकं,
कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखं,
एक खांदा वर, एक खाली.
टोकाला बारीक काटा.
बरीचशी तशीच निघाली.
मग एक, सुरकुतलेलं, टोकाशी बोथट.
बोटांत चुरलं
आणि पुढचं काहीच बघायला नको वाटलं.

पण नाकाचा पुरावा चालत नाही.
भिजत घातलं. गाजराच्या चिरेत धरून
ब्लेडने काप काढले,
पाण्यात आहेत की नाहीत इतके पातळ.
थंकमणीने भिंग लावून दिलं.

सोनामुखीला खांबासारख्या पेशी
वरूनही, खालूनही,
ऊन कुठूनही येवो.
केस आखूड, खरखरीत.
याला खांब फक्त वरच्या अंगाला.
केस लांब.
शेवटी आम्लाचा एक थेंब :
लालबुंद.

तरवड.
माळावरचा, पिवळ्या फुलांचा,
शेळीही ज्याला तोंड लावत नाही तो.
आमच्या ढोर गल्लीत त्याची साल कुटून
कुंडात कातडी निजवत.
अण्णांचे हात कोपरापर्यंत तांबूस.
शाळेच्या दाखल्यावर त्यांनी सही केली
तेव्हा मास्तरांनी कागद
चिमटीत धरून उचलला होता.

मुरादभाई दारात उभे, टोपी हातात.
"विष आहे का?"
नाही.
"मग खोटं?"
खोटंही नाही. दुसरं आहे.
त्यांना ते पटलं नाही.
मलाही धड सांगता आलं नाही.

अहवालाचे रकाने भरते.
परका अंश : मर्यादेपेक्षा जास्त.
परक्या अंशाचं मूळ स्थान :
इथे पेन थांबलं.
पेशींवरून गाव कळत नाही.
तसंच लिहिलं.

हात दोनदा धुतले.
संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये
काचेवर खारट दमट थर,
शेजारची मुलगी म्हणाली,
तुझ्या बोटांना कसला गं वास?
म्हटलं, कामाचा.