रकाना सातवा

वरून फॉर्म आलाय, तीन प्रतींत.
होडीचा प्रकार: पायडल, बदकाच्या तोंडाची.
क्षमता: चार.
प्रत्यक्षात: पाच, आणि मांडीवर एक.

सोळा वर्षं झाली, रंकाळ्याच्या धक्क्यावर तिकिटं फाडतोय.
जाकिटं एकोणीस. बकलं धड अकरांची,
बाकीच्यांना माझीच सुतळी.

वेळ: संध्यामठावरनं ऊन उतरलेलं,
भेळेच्या गाड्यांवर दिवे लागत होते,
कांदा चिरल्याचा वास पार पाण्यापर्यंत.
एवढी जागा नाही. सहा दहा, असं लिहिलं.

वारा: होता की.

मयत: एक.
साहेब म्हणाले, जिल्ह्याच्या बेरजेत
दिसायचाबी न्हाई.
हर्षद बिरंजे. टायरचं दुकान, नवीनच.
फोटोसाठी उभा राहिला, बदकाची मान धरून.
मांडीवरलं पोर वाचलं.
वाचलेल्यांना रकाना नाही.

सातवा: जाकीट घातले होते काय?
होय / नाही. खूण करा.

दिलं होतं मी.
त्यानं नाकाशी धरलं, हसला,
"मामा, ह्यात कोण मेलंय काय?"
मीबी हसलो.
"ऱ्हाऊ दे मग. काय होतंय? छातीएवढं तर पाणी."
पाठीमागं रांग होती. सुट्टे पैसे मागत होती माणसं.

होय आणि नाहीच्या मधे
बोटभर कोरं आहे.
पेन तिथंच टेकलंय, शाई फुटतीय कागदावर.

सकाळी जाकिटं मोजली.
एकोणीसच्या एकोणीस.
पाच दोरीवर निथळतायत अजून.
खिळ्यावरची सगळी कोरडी,
त्यातलं त्याचं कुठलं
ते मला सुतळीच्या गाठीवरनं कळतं.