शनिवारची फेरी

शनिवारी साडेदहाला शेडचं कुलूप काढतो.
आत तिघं. दोन कायमचे गप्प,
त्यांचंच काढून काढून तिसरा उभा:
नोझल एकाचं, सेल्फ दुसऱ्याचा.

बॅटरीच्या टोकांवरची हिरवट बुरशी
गरम पाण्यानं धुतो, व्हॅसलीन लावतो.
फिल्टरच्या तळातून आधी पाणी येतं, मग डिझेल.
बोटांवर चोळून ओळखायचं,
हे रुबाब तडवीनं शिकवलं.
आता तो पालला, घरी असतो.
म्हणायचा,
"रिकामा पयवू नको त्याले.
भार दे. भार नसला का काजयी धरते पोटात."

म्हणून पंप, पंखे, ऑफिसचा एसीसुद्धा टाकतो त्याच्यावर.
मॅनेजर चिडतात, लाइट असताना डिझेल का जाळतो?
असते खरी.
कंपाउंडवरून दीपनगरच्या चिमण्या दिसतात.

मे महिना, सत्तेचाळीस डिग्री, दुपारी अडीचला गेली.
ठिबकची नळी अर्धी डायमध्ये,
वीस मिनिटांत दगड होणार सगळं.
सेल्फ कण्हला.
पुन्हा कण्हला.
हातपंपानं हवा काढली, अंगठा सोलला,
मग पांढरा धूर,
काळा,
मग नुसता आवाज.

शेडकडे कुणी फिरकलं नाही.
वेटोळी बांधणारा पोरगा
मान वर न करता बांधत राहिला.

संध्याकाळी वही उघडली.
मागच्या पानावर रुबाबचं तिरपं अक्षर:
तेल बदली. पट्टा ढिला. आवाज बरा.
खाली तारीख टाकून लिहिलं,
आवाज बरा.
पट्टा
अजून ढिलाच.