परतीचा पंप

तौफिक बागवानच्या काउंटरवर तीन खोकी.
"मामा, हा चार हजार लिटरचा घ्या. ताशी. डोळे झाकून."
डोळे झाकून मी कधी धोटासुद्धा घेतला नाही.
खोक्यावरचे चार हजार असतात शून्य उंचीवरचे.
आत घडी घातलेल्या कागदावर बारीक आलेख,
त्यातली रेघ उंची वाढेल तशी खाली येते,
पाळी सुटताना जिना उतरणाऱ्या माणसासारखी.

माझी काच साडेचार फुटांवर,
खालची टाकी कपाटात,
मध्ये तीन एल्बो, त्यातला एक माझ्याच चुकीचा.
एल्बोला अर्धा फूट चढ धरायचा.
विडीच्या पुडक्यामागे हिशेब केला:
सहा फूट. तिथं चार हजाराचे उरतात एकोणीसशे.
तीनशे लिटरला तासाला सहा फेऱ्या.
पोवळ्यांना तेवढ्या पुरतात.

आमच्या गल्लीला पाणी पाचव्या दिवशी.
रात्री दोनला कुणीतरी ओरडतं, "नीळ्ळु वच्चिनय्!"
आणि घागरी, पिंपं, प्लास्टिकचे डबे
झोपेतून उठून रांगेत उभे राहतात.
त्यातलंच गाळून मी मीठ घालतो,
लिटरला पस्तीस ग्रॅम, सोनाराच्या काट्यावर तोलून.
नरसव्वा पानं कापता कापता बघते.
"प्यायला पुरंना, आन् तुम्ही पाणी खारट करालाव."
यावर तीन वर्षं झाली, उत्तर नाही.
गाळणीतून वाया जाणाऱ्या पाण्यानं ती फरशी पुसते,
म्हणून भांडण तेवढ्यावर थांबतं.

एसीचा स्वस्त. साठ वॅट, आणि सगळी ऊब पाण्यात.
मे महिन्यात पत्र्याखाली चव्वेचाळीस,
तिथं पाण्याला आणखी ऊब द्यायची म्हणजे
पोवळं पांढरं पडायची वाट बघायची.
डीसीचा पंचवीस वॅट, लाईट गेली तर बॅटरीवर सरळ चालतो.
पाच हजार आठशे.
तौफिक म्हणाला, "ऐकून बघा की, आवाजच नाही."

ऐकायचं कशानं?
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं फिटर,
डावा कान मागांनी ठेवून घेतला, उजवा अर्धा.
खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला,
टोक पंपाच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला.
दुकानातली पोरं हसली. हसू देत.
माग असाच तपासतात, दुखतंय कुठं ते लोखंड सांगतं.
एसीच्या पोटात एक खडा फिरत होता.
डीसीच्या बादलीत
काहीच नाही.
मी मूठ पुन्हा दाबली. तरी काही नाही.
घेतला.

बसवून पहिलं काम, बटण बंद.
वरचं पाणी पाईपातून उलटं खाली धावलं,
पृष्ठभागाखाली बोटभर पाडलेल्या भोकाशी
हवा ओढून सूं करून थांबलं म्हणे,
मला फक्त थांबलेलं दिसलं.
खालची टाकी काठाला दोन बोटं कमी.
फरशी कोरडी.
जोकर मासा काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहिला,
कारखान्याचा मालक बघायचा तसा.

त्या रात्री नरसव्वा तीनदा उठली.
"चालू हाय का बंद पडलं?"
चालू आहे म्हटलं.
दुसऱ्या रात्रीही तेच.
लग्न होऊन आली तेव्हापासून भिंतीपलीकडे माग,
तिनं दोन्ही पोरं त्या खडखडाटात निजवली,
आवाज थांबला की समजायचं
धागा तुटला, नाहीतर ऑर्डर.
तिसऱ्या रात्री बघतो तर अंधारात
कपाटाचं दार उघडून बसलेली,
पाईपावर तळहात ठेवून,
ताप बघतात तसा.

सकाळी तिनंच विचारलं, जरा वाजवता येत नाही का ह्याला.
डबीवरचं बटण एक घर पुढे सरकवलं.
वरून उतरणारं पाणी आता
खालच्या टाकीत पडताना वाजतं, ती म्हणते.
एकवीसशे झाले असतील, बावीसशे.
आलेख काढून बघितला नाही.